अबोल्याला सिरोपा

घाई नावाची वस्तू ज्याच्या घरी आजतागायत पोचलेली नाही असा या पृथ्वीवर एकच माणूस आहे, आणि तो राहतो कुठे, तर चौकच्या पुढे जुन्या मुंबई-पुणे हायवेच्या अगदी कडेला, जिथे कंटेनरसुद्धा एकमेकांवर ओरडत धावतात. ते म्हणजे आमच्या गुरुद्वाऱ्यात ग्रंथसाहिबांचं पठण करणारे ग्यानीजी. 'आमच्या' म्हटलं म्हणून दचकू नका. मी मराठी शेतकऱ्याच्या घरची बाई, माझ्या देव्हाऱ्यात खंडोबा आणि एकवीरा. पण एकदा आमचा टेंपो नेमका गुरुद्वाऱ्यासमोर बंद पडला, आणि मेकॅनिक येईपर्यंत ग्यानीजींनी आम्हाला आत नेऊन पोटभर जेवू घातलं. हात न हलवता जेवले, हे मनाला खायला लागलं, म्हणून पुढच्या रविवारी लंगरात रोट्या लाटायला गेले. ती आजतागायत जातेय.

हा माणूस रस्ता ओलांडतो तो बघण्यासारखा. हायवे म्हणजे जणू यांच्या परसातली पायवाट. पांढरी दाढी, निळी पगडी, हातात दुधाची किटली, आणि एकेक पाऊल असं ठेवतात की जमिनीला विचारून ठेवतायत. दोन्हीकडचे ट्रकवाले ब्रेक मारून थांबतात, वर हात जोडतात. मी एकदा रागावले, "ग्यानीजी, एक दिवस मराल!" तर म्हणाले, "बीबीजी, मी बीस साल याच घाटात ट्रक चालवला. माझी घाईची टाकी तिथंच खाली झाली. आता गाडी उतारावर हाय, आपोआप चालते." फोनचं तेच. तो वाजतो, हे आधी डोळे मिटतात, मग हात जोडतात, मग उचलून 'वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह' सावकाश पूर्ण म्हणतात, आणि तोवर पलीकडच्याने कंटाळून फोन ठेवलेला असतो. एका पावसाळ्यात वाऱ्याने दरबाराचा, म्हणजे पाठाच्या दालनाचा, पत्रा उडाला. आम्ही सगळे आरडाओरडा करत पळतोय, आणि ग्यानीजींनी ग्रंथसाहिबांवर रुमाला, म्हणजे वरचं वस्त्र, नीट पांघरला, चारी कोपरे सारखे केले, ग्रंथसाहिब डोक्यावर घेतले आणि रोजच्याच चालीने आतल्या खोलीत नेले. स्वतः नखशिखान्त भिजले, रुमाल्यावर मात्र दोन थेंब.

तसे गरीब स्वभावाचे, पण जमिनीच्या बाबतीत भारी कडक. जमिनीच्या म्हणजे लंगरात बसायच्या जमिनीच्या. एकदा एक पुढारी आले आणि पंगतीत खुर्ची मागायला लागले. ग्यानीजी हात जोडून म्हणाले, "साहेब, खुर्ची बाहेर तुमच्या गाडीत राहू द्या, तिला कोण हात लावत नाय. इथं सगळे खाली." पुढारी बसले. शेजारी डोंगरावरच्या वाडीतली रानभाजी विकणारी म्हातारी बसली होती. तिने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "जरा सरकून बस रं बाबा, मांडी पसरलीय तुजी." पुढारी मुकाट सरकले. ग्यानीजींच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी ग्रंथपठणातही पाहिलेलं नाही.

रोज सकाळी तासभर ते जोडाघरात बसतात. जोडाघर म्हणजे आत येणाऱ्यांच्या चपला-बूट नंबराचा बिल्ला देऊन ठेवायची खोली. तिथे हा एवढा मोठा माणूस फडक्याने लोकांच्या चपला पुसतो. माणसं त्यांना चेहऱ्याने कमी आणि चपलेने जास्त ओळखू येतात. मला एकदा म्हणाले, "बीबीजी, तुमची टाच एका बाजूनं झिजलीय. रागात चालता काय?" मी म्हटलं, "नाय हो, रस्ताच तसा हाय." पण मनात चरकले, कारण राग होताच.

आता तो राग सांगते. माझी थोरली जाऊ आणि मी, भिंतीला भिंत लागून राहतो. मधल्या हद्दीवर शेवग्याचं एक झाड होतं, मोठ्या भावजींनी लावलेलं. भावजी गेले. झाडाला दरसाल सुरवंट व्हायचे आणि पटापट माझ्या अंगणातल्या पापडांवर पडायचे. थोरल्या बाई चार दिवस माहेरी गेल्या तेव्हा मी ते झाड तोडून टाकलं. आल्यावर त्यांनी बुंध्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घरात जाऊन कडी लावली. त्या दिवसापासून अबोला. सहा वर्षं! मी मनाची समजूत काढायची, की झाडच होतं ते, काही माणूस नव्हतं.

आणि बघा योग. मी लंगरात जायला लागले, तीन महिन्यांनी बघते तर समोर थोरल्या बाई. त्यांनाही कुणी तरी गॅरेजवाल्याच्या बायकोने आणलं होतं. ग्यानीजींनी आम्हा दोघींना नेमकं जोडीनं बसवलं. मी लाटायची, त्या तव्यावर टाकायच्या. तुम्ही म्हणाल, पंचाईत झाली असेल. अजिबात नाही! लंगरच्या स्वयंपाकघरात ग्यानीजींचा नियम, की रोटी करताना बडबड नको, मनात नाम घ्यायचं. बाकीच्या बायकांचा जीव कासावीस व्हायचा; कुणाच्या सुनेची बातमी ओठावर यायची, कुणाला हसू फुटायचं. आम्ही दोघी मात्र दगडासारख्या. माझ्या हातातली रोटी त्यांच्या हातात जायची, पण नजरेला नजर नाही. जगात एवढी एकच जागा होती जिथे आमचं भांडण शिस्तीत बसत होतं. त्यामुळे दोघीही एक रविवार चुकवत नव्हतो.

आणि इथेच ग्यानीजी फसले. गुरू नानक जयंतीला दरबार खचाखच भरला होता. चौकपासून शिळफाट्यापर्यंतची माणसं, ड्रायव्हर, गॅरेजवाले, आमचं अर्धं गाव. पाठ संपल्यावर ग्यानीजींनी माइक घेतला आणि म्हणाले, "आज दोन बीबींना सिरोपा द्यायचाय." सिरोपा म्हणजे गळ्यात घालतात ते मानाचं केशरी वस्त्र. "तीस साल झाले, मी मन शांत करतोय, होत नाय. या दोघी दोन साल शेजारी बसतात, एक शब्द नाय, एक नजर नाय. असं मौन मी कुठल्या संतात नाय बघितलं!" आमच्या गावच्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. मागून एक जण पुटपुटला, "अरं द्येवा, मेलो!" थोरल्या बाईंच्या गळ्यात सिरोपा पडला. त्यांची मान खाली. मग ग्यानीजी माझ्याकडे वळले, आणि त्या स्वच्छ डोळ्यांकडे बघून माझा धीर सुटला. मी त्यांचा हात धरला आणि माइकमध्येच बोलले, "ग्यानीजी, नका घालू. हे मौन नाय, अबोला हाय. आम्ही सख्ख्या जावा. सहा वर्सं भांडण हाय आमचं!"

ग्यानीजींनी डोळे मिटले. आम्ही सगळे वाट बघतोय. बऱ्याच वेळाने उघडले आणि हळूच म्हणाले, "पण बीबीजी, मी तर दोन साल तुमच्यासारखं बसायला शिकत होतो." आणि मग त्यांना हसू आलं. पगडी हलेपर्यंत, दाढी भिजेपर्यंत हसले, आणि सगळा दरबार त्यांच्याबरोबर हसला. फक्त थोरल्या बाई उठल्या आणि बाहेर गेल्या. चारचौघांत मी त्यांना उघडं पाडलं होतं, आणि तेही 'आमचं भांडण' म्हणून, जणू चूक अर्धी त्यांची. आता ही भिंत मरेपर्यंत पडायची नाही.

ग्यानीजी म्हणाले, "चूक माझीबी हाय. चला, आज जोडाघराची सेवा तिघांची. मी पुसनार, तुम्ही कप्प्यातून काढून देनार, आणि मोठ्या बीबी बिल्ले घेऊन नंबर सांगनार." मी म्हटलं, "त्या गेल्या हो घरी." ते म्हणाले, "त्यांच्या चपला इथंच हायत." आणि पुसायला बसले.

लंगर उठला आणि शे-दोनशे माणसं एकदम जोडाघरावर आली. मी एकटी. बिल्ले तोंडावर येतायत, ड्रायव्हर ओरडतायत, "ओ मावशी, माल उतरवायचाय!" आणि ग्यानीजी एका बुटाची वादी सावकाश पुसतायत. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातातले बिल्ले ओढून घेतले. थोरल्या बाई! गळ्यात केशरी सिरोपा तसाच. तोंड दाराकडे करून, हवेत बोलल्यासारखं म्हणाल्या, "सदतीस." मी जोडे दिले. "बारा." दिले. "साठ." मी घाईत कप्प्यातून ओढून दिले. साठ नंबरवाला लगेच परत आला, एका पायात त्याची चप्पल आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी मोत्याची सँडल. "आवो, ह्ये काय?"

थोरल्या बाई गर्रकन वळल्या. "डोळं हायत का बटनं गं तुजी?"

सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य! मी घाईत म्हणाले, "चष्मा घरी ऱ्हायला, बाई."

"चष्मा नाय म्हनं! मग झाड तोडताना बरं दिसलं तुला? ह्यांनी रोज चूळ भरून पानी घातलेलं दिसलं नाय?"

ग्यानीजींचं फडकं थांबलं. मी म्हटलं, "चुकले मी. तुमचं काय नाय, सगळी चूक माझी. न इचारता हात लावला. पाया पडते बाई."

त्यांनी पदराने डोळे पुसले, पुढचा बिल्ला घेतला आणि खणखणीत ओरडल्या, "बावन्न! आन् नीट बघून दे!"

मी बावन्न दिले. मग एकवीस, मग नव्वद. मग काय विचारता! त्या ओरडतायत, मी धावतेय, "हळू गं, पडशील," "तुमी तेवढं दारातून सरा," आणि रांगेतली माणसं प्रत्येक नंबराला टाळ्या वाजवतायत. ग्यानीजींनी हातातला बूट खाली ठेवला आणि छाती भरून आवाज दिला, "बोले सो निहाल!" जोडाघर, अंगण, हायवेवर थांबलेले ट्रकवाले, सगळ्यांनी मिळून "सत श्री अकाल!" असं म्हटलं की पत्रे हादरले. माझा सिरोपा ग्यानीजींनी मला त्या दारातच घातला, चपलांच्या ढिगात.

आता आम्हा दोघींना रोट्यांना जोडीनं बसवत नाहीत. बाकीच्यांचं नाम मोडतं. आम्हाला भांडी दिली आहेत. ग्यानीजी हल्ली थकले, पाठ दुसरे तरुण ग्यानी करतात. हे मोरीच्या पायरीवर डोळे मिटून बसतात, आणि आम्ही बोलायच्या थांबलो की एक डोळा उघडतात. थोरल्या बाई मला त्या सहा वर्षांचं सगळं क्रमाने सांगतायत, एकही सण न गाळता. आत्ता कुठे दुसऱ्या वर्षाच्या होळीपर्यंत आलोय. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन तिसऱ्या वर्षी झालं. महिनाभर त्या खाटेवर होत्या, भिंतीपलीकडे, आणि मला ते शेजारणीकडून कळलं होतं. तेव्हा दारात कोण कोण आलं आणि कोण आलं नाही, ते सगळं त्या सांगतील. ते अजून यायचं आहे. मी आपली पातेलं घासते, आणि हूं हूं करते.