लॅव्हेंडरचं तेल आणि सुमनकाकूचं उटणं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही. पार्लरमध्ये रोज येऊन बसणाऱ्या मैत्रिणींना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुमच्यापुढे जमेल — बघते.

सिरसाळ्यात माझं छोटं पार्लर आहे. शिकायला येणाऱ्या मुलींना लॅव्हेंडरच्या तेलाबद्दल सांगताना माझा आवाज कडक होतो. झोप लागत नसेल तर रुमालावर एक-दोन थेंब टाकून उशीजवळ ठेवा. डोकं जड झालं तर खोबरेलात मिसळून कानशिलांवर चोळा. पण नुसतं तेल कातडीला लावायचं नाही. मिसळलेलंसुद्धा आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. डोळ्यांजवळ न्यायचं नाही, पोटात जाऊ द्यायचं नाही, गरोदर बाईला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. आणि बाटली उन्हात, उघडी राहिली असेल तर फेकून द्यायची — हवा लागलेलं तेल जास्त बाधतं. मुली माना डोलावतात.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. कोर्समध्ये बाईंनी दोनदा सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

सुमनकाकू माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. काका ऊसतोडीला गेलते, तिकडंच ट्रॅक्टरखाली सापडून वारले. काकू तेव्हा तरुण होती. पुढं घरात लग्न निघालं की ती चुलीपाशी असायची. हळदीच्या पाटाजवळ तिला कुणी ये म्हणायचं नाही. जा असंही म्हणायचं नाही — ती आपणच लांब राहायची. मला पार्लरचा कोर्स करायचा होता तेव्हा घरात सगळे नको म्हणत होते, आणि माझ्या बाजूनं ती एकटी बोलली होती. हे मी कशाला सांगतेय? सांगितलं नाही तर पुढचं अर्धंच कळेल.

मोठ्या चुलत्याची मनीषा लग्न ठरल्यावर अडून बसली. "माझं उटणं सुमनकाकूच करंल, न्हाईतर मी हळदीला बसतच न्हाई." मोठी काकू दोन दिवस कुरकुरली, मग गप्प झाली. सुमनकाकूनं गुलाबाच्या पाकळ्या सावलीत वाळवल्या. आंबेहळद कुटली, मसुराचं पीठ वस्त्रगाळ केलं. त्या दिवसांत ती घरात गुणगुणत फिरायची. मी तिला गुणगुणताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

मनीषाच्या गालांवर पुटकुळ्या होत्या. नवरीचा चेहरा मी करणार होते. माझ्या पार्लरचं नाव व्हायचं होतं — खरं कारण एवढंच. खिडकीतली बाटली काढली. कित्येक महिने ऊन खात पडलेली, झाकण सैल. मिसळायचा कंटाळा केला का? नाही, कंटाळा नव्हता. नुसतं लावलं तर लवकर गुण येईल, असं वाटलं. रोज पुटकुळ्यांवर लावत गेले. हळदीच्या दिवशी उटणं धुतल्यावर सगळ्या चेहऱ्यावरच चोळलं.

"ताई, लई झोंबतंय गं."

"झोंबू दे. म्हणजे काम करतंय."

सकाळी तिचे डोळे उघडत नव्हते. चेहरा लाल, सुजलेला, जबड्याजवळ बारीक फोड, त्यांतून पाणी येत होतं. मी तिला रिक्षात घालून परळीला नेलं. रिक्षात तिनं विचारलं, "ताई, तेलानं तर न्हाई ना झालं?" मी म्हटलं, "छे गं. ते औषधच असतं." डॉक्टरांनी विचारलं, चेहऱ्याला काय लावलं होतं? मनीषा तोंड उघडायच्या आत मी सांगितलं — हळद. घरचं उटणं.

घरी आल्यावर बायका भोवती जमल्या. मी इतकंच बोलले, "उटण्यातलं काहीतरी बाधलं असंल." पुढचं मला बोलावं लागलं नाही. ते त्यांनीच पुरं केलं. विधवेचा हात, आणि तोही हळदीत! "म्या आधीच म्हणलं व्हतं," मोठी काकू म्हणाली. मी तिथंच उभी होते. हातात डॉक्टरांनी दिलेलं मलम होतं. मी त्याचं टोपण उघडत होते, लावत होते. एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

सुमनकाकू दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं. भांडली नाही. "मला कशापायी बोलता?" असंही विचारलं नाही. मला वाटतं, ती भांडली असती तर — नाही, तरीही मी बोलले नसते.

लग्न झालं. मनीषा दाट पदर ओढून उभी राहिली. तिचे डाग काही महिन्यांत गेले, ती सुखात आहे. अक्षता पडल्या तेव्हा सुमनकाकू मागच्या खोलीत कांदे चिरत होती. दार तिनंच आतून लावून घेतलं होतं.

सगळ्यात वाईट काय, सांगू? तिला ते खरं वाटलं. माझ्या मुलीच्या बारशाला मी बाळ तिच्यापुढं धरलं, तर तिनं हात पाठीमागं नेले. "नगं गं. माझा हात बरा न्हाई. तू तर बघितलंस." मी बाळ परत घेतलं. पाळण्यात ठेवलं. घुगऱ्या वाटल्या.

नंतर ती नांदूरघाटला भावाकडं राहायला गेली. या उन्हाळ्यात मी तिला भेटायला गेले. तिला रात्र-रात्र झोप लागत नाही, असं भावजयीनं कळवलं होतं. मी नवी बाटली नेली होती. खोबरेलात दोन थेंब मिसळले, कोपराजवळ लावून पाहिलं, एक दिवस तिथंच मुक्काम केला. सगळं नीट केलं. दुसऱ्या दुपारी तिच्या कानशिलांवर हळूहळू चोळत बसले. खोलीत आम्ही दोघीच होतो. पंखा चालू होता. बोलायला याहून बरी वेळ कुठली असणार होती? शब्दसुद्धा ठरवून नेले होते.

तिनं डोळे मिटले. "लई बरं वाटतंय," म्हणाली. "तुझ्या हाताला गुण हाय."

मी चोळत राहिले. तिला झोप लागली. मग मी उठले, हात धुतले, आणि तिच्या भावजयीला तेल कसं वापरायचं ते समजावून सांगितलं. चारच्या एसटीनं परत आले.