साखरकर सरांचा वजनकाटा

इब्राहिम साखरकर सरांना मी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा इंग्रजीची दोन वाक्यं घोकून गेले होते. आमचा निखिल तेव्हा नववीत होता. कुवेतमध्ये मंगाफला आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या सोडून एका तळघरात बॉक्सिंग शिकवतात आणि शिकवणारे सर पूर्वी ब्रिटनचे मिडलवेट चॅम्पियन होते, एवढंच त्याने सांगितलं होतं. ब्रिटनचे चॅम्पियन म्हणजे गोरे साहेब, असं मी धरून चालले. फी काही कमी होईल का, हे साहेबाला कसं विचारावं याची जुळवाजुळव करत मी पायऱ्या उतरत होते, तोच खालून आवाज आला, "बाय, चपली भायेर काडा. आत्ताच लादी पुसलीय."

हातात फडकं घेऊन सर स्वतः उभे होते. नाक एका बाजूला वळलेलं, भुवईवर जुने टाके, आणि बोलणं दाभोळच्या खाडीकाठचं. माझं इंग्रजी तोंडातच राहिलं. फीचं मराठीत विचारलं, तर म्हणाले, "मीना अब्दुल्लाच्या तेलकारखान्यातल्या कामगारांकडनं मी फी घेत नाय, ती तुमच्यासारक्यांकडनंच घ्यायला होवी ना? नवऱ्याला इस्पितळात पगार हाय." मी निमूटपणे पूर्ण फी भरली.

सरांना या वर्षी पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात माझ्याहून शिकलेल्या मंडळींचे लेख असतील. मी दहावी झालेली घरगुती बाई. समितीने मला लिहायला सांगितलं ते वेगळ्या कारणाने. सहा वर्षांपासून सरांचं डायलिसिस चालू आहे. शनिवार, सोमवार, बुधवार. आमचे हे त्याच विभागात टेक्निशियन आहेत. भाभी, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्यानंतर सरांची लेक रुबीना एकटीच त्यांच्याजवळ असते आणि तीही नर्स, तिच्या ड्यूट्या बदलत्या. म्हणून गाडी कोण नेणार, सोबत कोण बसणार, या पाळ्या मी लावते. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. गेल्या दोन महिन्यांत सरांनी डायलिसिसच्या तीन पाळ्या मुद्दाम चुकवल्या. "आता बस करतो," असं ते म्हणतात. हे मनात ठेवून नुसतं कौतुक लिहायला माझा हात चालत नाही. हे छापावं का, असं सरांना विचारलं. म्हणाले, "लिवा. पन टॉमीचं नाव गाळू नका."

सरांचे वडील बोटीवर कोळसा ओढणारे खलाशी. इंग्लंडच्या एका बंदरात ते कायमचे उतरले आणि नऊ वर्षांच्या इब्राहिमला त्याच्या आईबरोबर बोलावून घेतलं. शाळेत पोरं मारायची. जवळच्या चर्चच्या तळघरात एक म्हातारा बॉक्सिंग शिकवी, तिथे वडिलांनी त्यांना नेऊन बसवलं. ओळखीच्या मौलवींनी टोकलं, "पोराला चर्चात धाडतोस?" वडील म्हणाले, "प्रार्थनेला नाय धाडत, मार चुकवायला धाडतो." दिवसा गोदीत हमाली आणि संध्याकाळी सराव, असं करत सर वर चढले. डावा हात लांब आणि झटकन परत येणारा. प्रेक्षकांतून रंगावरून नको ते ओरडत. सर सांगतात, "वरडनाऱ्याकडं बगितलास का समोरच्याचा ठोसा बसलाच." सव्विसाव्या वर्षी ते ब्रिटनचे मिडलवेट विजेते झाले आणि विजेत्याचा पट्टा त्यांच्याकडे आला. आपल्या कोकणातल्या खलाशाच्या मुलाने मिळवलेला तो मान आज कुवेतमध्ये फार थोड्यांना माहीत आहे, कारण सर स्वतः तो कधी सांगत नाहीत.

शिक्षक म्हणून त्यांचा एक नियम सगळ्यांना माहीत आहे. बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. मिडलवेट म्हणजे साधारण साडेबहात्तर किलो, त्याच्यावर रतीभर चालत नाही. मुलं वजन उतरवायला पाणी सोडतात, गरम कपडे घालून घाम काढतात. सरांकडे हे चालत नसे. काट्यावर चढण्याआधी प्रत्येकाने त्यांच्यासमोर पेलाभर पाणी प्यायचं. वजन जास्त भरलं तर वरच्या गटात खेळायचं आणि मार खायचा. यामुळे त्यांच्या क्लबने मोठा चषक कधी आणला नाही. इतर क्लबवाले तोंडावर म्हणत, "साखरकरांची पाणपोई आली." सर म्हणत, "हो, पाणपोईच हाय. प्या."

मीही त्या नियमाची चेष्टा केलेली आहे. ते इथे कबूल केलं पाहिजे.

निखिल बारावीत असताना इथल्या भारतीय शाळांची स्पर्धा होती. जिंकणारा दिल्लीला जाणार होता, आणि दिल्लीला खेळलं की पुण्याच्या कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश मिळण्याची आशा होती. त्याचं वजन दीड किलो जास्त भरत होतं. सर म्हणाले, वरच्या गटात खेळ. वरच्या गटात त्याचा निभाव लागणार नव्हता. दुसऱ्या दिवशी निर्जळा एकादशी होती. मी लग्नापासून ती करते. माझंच वजन तेवढ्याने उतरतं, हे मला ठाऊक होतं. मी निखिलला म्हटलं, "तूही धर माझ्याबरोबर. पुण्यही लागेल आणि काटाही खाली येईल." "आई, सर विल किल मी," तो म्हणाला. मी म्हटलं, "देवाचा उपास आहे, त्यात सरांचं काय?" ज्येष्ठातलं कुवेतचं ऊन. दीड दिवस पोराने घोट घेतला नाही. वर बंद गाडीत बसून घाम काढला, तोही मला सांगून.

सकाळी सर यायच्या आतच निखिल स्पर्धेच्या काट्यावर चढला आणि काटा बरोबर खाली आला. मी मनात विठ्ठलाला हात जोडले. मग सर आले. पेला पुढे करण्याआधी त्यांनी निखिलच्या मानेची कातडी चिमटीत धरली, सोडली, आणि म्हणाले, "थुंक."

तो उभाच राहिला.

"थुंक म्हटलं ना."

तोंडात थुंकीच नव्हती. सरांनी यादीवरचं त्याचं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. मी पुढे झाले. "वजन बरोबर आहे ना सर? मग?"

"वजन बरोबर हाय. पोरगा बरोबर नाय."

"उपास होता. आमच्यात करतात."

"आमच्यातबी करतात, बाय. रोज्यातबी पानी नसतं. पन रोजा धरून कोन डोक्यावर ठोसे खायला उभा ऱ्हात नाय."

चारचौघांत मी बोलले ते असं : "तुम्हाला तुमचा पट्टा मिळाला. आता दुसऱ्याच्या पोराला काही मिळतंय ते बघवत नाही तुम्हाला." सर निखिलला भिंतीशी बसवून चमच्याचमच्याने पाणी पाजत राहिले. दिल्ली गेली, पुणेही गेलं. निखिल महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही.

आठवड्याने सर आमच्या घरी आले. चहा घेतला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसले आणि टॉमीची गोष्ट सांगितली. ती मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

टॉमी हा त्या वेळचा विजेता. गोदीतलाच माणूस, दोन मुलांचा बाप. अंगाने तो मिडलवेटच्या पुढे गेला होता, पण पट्टा सोडवत नव्हता. त्या काळी वजन लढतीच्या दिवशीच सकाळी होई. टॉमी काट्यावर चढला तेव्हा ओठ चाटत होता आणि जिभेला पाणी नव्हतं. सरांनी ते पाहिलं. त्यांच्या उस्तादानेही पाहिलं आणि कानात सांगितलं, "हा सुकलेला आहे. घाई करू नकोस. आठव्या फेरीपर्यंत पोटात मार, मग डोकं मोकळं मिळेल." सरांनी तसंच केलं. अकराव्या फेरीनंतर टॉमी स्टुलावर बसला तो उठलाच नाही. "मी तवा लोकांच्या खांद्यावर व्हतो," सर म्हणाले. "वरनं बगितलं, त्याला फळीवर घालून न्हेत व्हते."

टॉमी मेला नाही. डोक्याला बसलेल्या मारामुळे अंथरुणाला खिळला तो सहा वर्षं. सरांनी पट्टा एकदा राखला. दुसऱ्या वेळी काट्यावर चढले, आणि उतरून सरळ घरी गेले. पुन्हा खेळले नाहीत. दर रविवारी ते टॉमीच्या घरी जात. त्याची बायको दार लावून घेई. दोन वर्षं ते पायरीवर बसून परत आले. एका रविवारी तिला एकटीने नवऱ्याची कूस बदलता येईना, तेव्हा तिने दार उघडून म्हटलं, "ये, पाय धर त्याचे." पुढची चार वर्षं सरांनी पाय धरले. टॉमी गेल्यावर ते कुवेतला व्यायामशिक्षक म्हणून आले.

हे ऐकल्यावर मी पेलाभर पाणी आणून ठेवलं. ते प्याले आणि गेले.

सरांचे उपकार सांगायचे तर यादी होईल. मी एकच लिहिते. माझ्या सासूबाई गावी वारल्या. आम्हाला वेळेवर तिकीट मिळालं नाही, म्हणून दहाव्याचा पिंड आम्ही इथेच ठेवायचं ठरवलं. पण कावळा कुठला आणायचा? मंगाफच्या गच्चीवर दोन तास नुसती कबुतरं. सरांना निखिलकडून कळलं. ते गाडी घेऊन आले आणि आम्हाला वफ्राच्या शेतांकडे घेऊन गेले, कारण तिथे त्यांनी कावळे पाहिले होते. उन्हात ते टोपी काढून लांब उभे राहिले. कावळा आला. आमच्या ह्यांना रडू फुटलं, तेव्हा सर म्हणाले, "आपलाच हाय तो. आला आसंल बोटीतनं, माज्या बापासारका." त्या दिवसांत हसू आलं ते तेवढंच.

आता सरांचा तो डावा हात सुयांनी गाठी-गाठीचा झाला आहे. दर वेळी डायलिसिसच्या आधी आणि नंतर वजन होतं. अंगातलं साठलेलं पाणी काढून कुठल्या आकड्यावर आणायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं. त्या आकड्याला तिथे 'ड्राय वेट' म्हणतात, म्हणजे सुकं वजन. पहिल्या दिवशी आमच्या ह्यांनी हा शब्द समजावून सांगितला तेव्हा सर कितीतरी वेळ काट्याकडेच बघत बसले. दिवसाला मोजून पाणी. चहा, आमटी, कलिंगडाची फोड, सगळं धरायचं. त्याची नोंद निखिलच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर मी ठेवते. ज्यांनी कुवेतभर पोरांना पाणी पाजलं त्यांना मी पेला भरताना मध्येच थांबवते. हे काम मला रोज नकोसं होतं.

मागच्या सोमवारी निखिल गाडी घेऊन खाली थांबला होता. तो आता मीना अब्दुल्लाला नोकरीला आहे, सुट्टी काढून आला होता. सर उतरेनात, म्हणून मी वर गेले. पाय सुजलेले, खुर्चीत बसून होते.

"सर, गाडी आलीय."

"परत धाडा."

"का?"

"सहा वर्सां झाली, बाय. टॉमी सहा वर्सां पडून व्हता. माजीबी झाली सहा. फिटलं."

तेव्हा मला उलगडलं की सर इतकी वर्षं आजार काढत नव्हते, ते नेम करत होते. मी सोळा सोमवार केलेली बाई. मोजून केलेलं व्रत पुरं झालं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं, हे मला कळतं. तरी मी विचारलं, "हा नेम तुम्हाला कुणी दिला? टॉमीच्या बायकोनं?"

"ती कशाला देल?"

"सहा वर्षं ती काय करायची?"

"दर दोन तासांनी कूस बदलायची त्याची. रात्रीबी."

"कंटाळून कधी तसाच ठेवला?"

"नाय."

"मग ती वर्षं तिनं त्याला जगवायला घातली, सर. तुम्ही ती मरण्याच्या नावावर कशी मांडता?"

"लय कडक बाई हायस तू," सर म्हणाले. मला ते अगंतुगं कधी करत नाहीत. मग हात पुढे केला, मी उठवलं. त्या दिवशी आम्ही दीड तास उशिरा पोहोचलो. यंत्र दुसऱ्याला दिलेलं होतं, दुपारपर्यंत बाकावर बसलो. बुधवारी ते न बोलावता खाली आले. पुढचं मी विचारलं, तर वचन दिलं नाही. "बगू," एवढंच.

असल्या लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा असं लिहितात, आणि मीही लिहिणार होते. सर म्हणाले, "शंबर लिवू नका. शिवी दिल्यासारकं व्हईल." सरांचा शब्द मी मोडत नाही. आपला सत्काराचा कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी आहे. हार घालायला रांग लावू नये आणि सरांना नऊच्या आत मोकळं करावं, ही सर्वांना विनंती, कारण शनिवारी पहाटे पावणेसहाला गाडी खाली लागते. त्यांच्या अल्लाकडे आणि माझ्या विठ्ठलाकडे मी तो एक शनिवार मागितला आहे. तो मिळाला की सोमवार मागेन.