रडणारं संत्र्याचं झाड

दोन वर्षांआधी, पोळ्याच्या जरा आधी, लोधीखेड्याजवळच्या आमच्या बगिच्यातलं एक संत्र्याचं झाड रडायला लागलं. खरंच! बांधावरच्या मारुतीला अगदी लागून होतं ते, अन् खोडातून सोनेरी थेंब गळून राहिले होते. गावातल्या एकुलत्या टीव्हीसमोर नसते एवढी गर्दी! बाया नारळ घेऊन हजर. माझी काकू तर खोडासमोर ठाणच मांडून, "देव रडून राहिला. कोणी हात लावाचा नाही!"

बाबांना माहीत होतं, हा डिंक्या रोग. साल खरवडून औषध लावलं नाही तर सगळी ओळ जाईल. पण देवाच्या झाडाला चाकू लावायचा कसा? शेवटी ठरलं, मारुतीचे पुजारी म्हणतील तसं.

पुजारी आले, मारुतीला हात जोडले अन् थेट खोडाशी बसले.

"पाणी कुठून देता?"

"बुडाशीच," बाबा म्हणाले.

"बुडाशी पाणी साचलं की खोड कुजते. दुसऱ्या झाडाले हाय काय असं?"

होतं! मागच्या दोन झाडांना होतं. पुजारी काकूकडे वळले, "तिथं तर मारुती नाही, बाई."

मला राहवलंच नाही. बीएच्या इतिहासात नुकतंच वाचलेलं सगळं धडाधड सांगून टाकलं. तीन-चारशे वर्षांआधी युरोपात मूर्ती रडली की चर्चचे लोक आधी छप्पर गळते काय ते पाहत, आजारी माणूस अचानक बरा झाला तर वैद्याला विचारत. साधी कारणं संपली तरच चमत्कार. "अन् महाराज, सैतानाची करामत बी ते निसर्गातलीच म्हणत! अजब, पण निसर्गातली. निसर्गाच्या वर फक्त देव."

"बरोबरच हाय," पुजारी म्हणाले. "सैतानाले का देवाच्या पंगतीत बसवतील?"

काकू चिडली. "मंग आमचा देव काहीच नाही करत काय?"

"करते ना. पण आपलं काम त्याच्यावर काहून ढकलाचं?"

अन् त्यांनी स्वतःच चाकू मागितला! कुजकी साल निघाली. बाबांचा चेहरा एवढा मोकळा झालेला मी कितीतरी दिवसांनी पाहिला. मी धावत जाऊन चुना-मोरचुदाच्या औषधाची बादली आणली. काकूनं पदर खोचून बादली माझ्या हातून ओढली अन् बाबांसमोर धरली.

"भाऊजी, मागच्या बाजूनं कोण लावन? नीट लावा ना!"