आम्लाची किल्ली

आमच्या पनवेलच्या कनिष्ठ महाविद्यालयात ॲसिड कुणाच्या ताब्यात असावं, हे सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून ठरलं. यादीत जीवशास्त्राचे सर माझ्या तीन महिने आधी होते, म्हणून ॲसिड त्यांच्याकडे गेलं. मी रसायनशास्त्र शिकवतो. बावीस वर्षं झाली.

तीव्र आम्लं विकण्या-बाळगण्याचे नियम कडक झाल्यावरही आमच्याकडे जुनंच चालू होतं. जाळीच्या खिडकीखाली कडाप्प्याच्या फळीवर तीन मोठ्या तपकिरी बाटल्या आणि कुलूप म्हणजे माझा शब्द. मग प्रांत कार्यालयाचं पत्र आलं. आम्ल कुलपात ठेवा, वापराची नोंदवही ठेवा, प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांची तपासणी करा आणि या सगळ्याला जबाबदार अशी एक व्यक्ती नेमा. ते पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ती व्यक्ती मला माझ्याच चष्म्यात दिसली.

आमच्या प्राचार्यांना पाण्याची टाकी धुतली तरी चार शब्द बोलावेसे वाटतात. त्यांनी या कामासाठी नवं कोरं लोखंडी कपाट घेतलं आणि सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर, शाल-श्रीफळासह, त्याची किल्ली तबकातून जीवशास्त्राच्या सरांना दिली. पदाचं नाव ठेवलं 'आम्ल अभिरक्षक'. तशी पाटीही दारावर लागली. मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मॅडमपेक्षा जरा जास्तच वाजल्या.

जीवशास्त्राचा हा गृहस्थ जवळच्या विचुंबे गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. आम्ही एकाच वर्षी लागलो, रोज डबा एकत्र खायचो. वर्गात पुस्तकातली भाषा, माझ्याशी मात्र घरची.

"आरं, आमी बेडूक कापनारी मानसं," तो त्या दिवशी डबा उघडताना म्हणाला. "मला काय कळतंय तुज्या बाटल्यांतलं? तू सांगत जा."

"सांगेन की," मी म्हणालो.

आणि तिथेच, त्याच्या घरच्या सुक्या बोंबलाचा तुकडा तोंडात असताना, न सांगण्यासारखी एक गोष्ट मी बाजूला काढून ठेवली. हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली कितीही घट्ट लावा, तिच्यातून वाफ सुटतेच. उघड्या फळीवर ती खिडकीतून जाते. बंद लोखंडी कपाटात ती आधी बिजागऱ्या खाते, मग कुलूप. अकरावीच्या मुलालाही हे कळावं. जीवशास्त्राच्या सरांना कळायचं कारण नव्हतं.

त्या वेळी मी स्वतःला बजावलं की त्यांनी विचारलं तर सांगायचं. माणूस मनातल्या मनात किती नियमाने वागतो.

जुलैत ॲसिड संपत आलं तेव्हा मी सवयीने बाजारात गेलो. परवाना असलेलं दुकान आता एकच. मालक कोकणी मुसलमान, त्याची मुलगी माझ्या हाताखालून बारावी झालेली. चहा सांगितला, मुलीची खुशाली सांगितली, आणि मग वही पुढे ओढून त्याने माझं ओळखपत्र, खरेदीचं कारण आणि कॉलेजचं पत्र मागितलं. मी तिन्ही दिली. पत्र त्याने खालून वर वाचलं.

"सर, इथं जिम्मेदार माणसाची सही लागते. ही तुमची हाय."

"मीच वापरतो ते. इतकी वर्षं मीच नेतोय."

"मला म्हाईत नाय का? पण कायदा मला ओळखत नाय, तुमाला बी नाय. त्या दुसऱ्या सरांना पाठवा. नायतर सही आणा. चहा घ्या, थंड होतोय."

चहा घेतला. रिकाम्या हाताने परत आलो. दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राचे सर स्वतः गेले, आणि येताना दुकानदाराने त्यांना रिक्षापर्यंत पोचवल्याचं त्यांनी मला कौतुकाने सांगितलं. मला बावीस वर्षांत त्याने पायरीपर्यंतही पोचवलं नव्हतं.

पावसाळ्यात कपाटाच्या कडांना तांबूस पापुद्रे आले. दर शनिवारी तो कपाट उघडायचा, बाटल्यांची पातळी पट्टीने मोजायचा आणि नोंदवहीत लिहायचा. मी दारातून बघायचो. ऑगस्टच्या अखेरीस एकदा किल्ली फिरवताना त्याचा चेहरा ताणला.

"कुलूप जड जातंय रं. काय करू?"

त्याने विचारलं होतं. सांगायची ठरलेली वेळ ती हीच.

"तेल घाल," मी म्हणालो.

त्याने तेल घातलं. शिवणयंत्राचं, घरून आणून. माझे आभारही मानले.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी बाहेरचे परीक्षक आले. क्षार ओळखायला लागणारं ॲसिड पातळ करून मुलांच्या टेबलांवर ठेवायचं होतं. त्याने किल्ली घातली. ती फिरली नाही. त्याने जोर लावला तेव्हा अर्धी किल्ली हातात आली. बाहेर व्हरांड्यात पहिली तुकडी पांढरे कोट घालून उभी. मुलींपैकी एक रडायला लागली. तिला वाटलं परीक्षाच रद्द झाली. प्राचार्य आले. त्यांनी इतकी वर्षं जपलेला आवाज, मुलांसमोर, त्या माणसावर काढला.

"तुम्हाला एक कपाट सांभाळता येत नाही?"

तो घामाने भिजला होता. "चूक माझीच हाय," एवढंच म्हणाला. त्या घाईत त्याची भाषा प्राचार्यांसमोरही घरचीच राहिली.

मी खिडक्या उघडायला लावल्या, वाफ खोलीभर पसरू नये म्हणून पंखे बंद केले, कुलूपवाल्याला बोलावून बिजागऱ्या करवतीने कापून घेतल्या. परीक्षा दोन तास उशिरा सुरू झाली. परीक्षकांनी माझी तारीफ केली. संध्याकाळपर्यंत प्राचार्यांनी कार्यालयीन आदेश काढला: अभिरक्षक म्हणून यापुढे मी. शाल नाही, तबक नाही, तरी मला हवं होतं ते हेच होतं.

ताबा देताना त्याने नोंदवही माझ्यापुढे ठेवली. अशी वही मला जमली नसती. मिलिलिटरपर्यंत हिशेब, एकही खाडाखोड नाही. ऑगस्टच्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: 'कुलूप जड. रसायनशास्त्राच्या सरांना विचारले. तेल घालावे म्हणाले. घातले.' ही वही दर तिमाहीला प्रांत कार्यालयात जाते. तो शेरा तिथे जाऊन आला होता. त्यात कसलाही डाव नव्हता. विचारलं ते लिहिलं होतं. मी कधी इतकं सरळ लिहिलं असतं, असं वाटत नाही. किल्लीपेक्षा मला त्या अक्षराचा हेवा वाटला.

"इथं सही कर," तो म्हणाला. "शेरा असंल तर लिव."

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "वाफेने कुलूप जाणार हे. पहिल्या दिवसापासून."

त्याने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं: 'लोखंडी कपाट या कामास अयोग्य आहे हे मला ठाऊक होते. कळवले नाही.' खाली सही केली. प्राचार्यांनी न वाचताच प्रतिस्वाक्षरी केली, वही प्रांत कार्यालयात गेली, गोल शिक्क्याची पोच आली. आजतागायत कुणी काही विचारलेलं नाही. ॲसिड पुन्हा कडाप्प्यावर आहे, पुढे लाकडी दार आणि पितळी कुलूप, आणि पाटी माझ्या नावाची.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन नेहमीच्या टेबलाशी गेलो. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढून दिली.

"या सर," तो म्हणाला. "बसा."