ताईचं पिठातलं मटण

मी पदवीधर झालो तो माझ्या मोठ्या बहिणीमुळे. आमच्या घरात तोवर चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं आणि ताई तर शाळेतच गेली नव्हती. लग्नाआधी ती गावाजवळच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाकाला होती. माझी पुस्तकं तिच्या कमाईतून येत.

बाईंच्या मुलखात ढोराच्या मांसाचा तुकडा ठोकून चपटा करतात आणि पिठात घोळवून तळतात. ताई दर रविवारी तसं मांस करी. पण बाईंच्या बंगल्यावर करणं वेगळं आणि खाणं वेगळं. ती आपली भाकर मागच्या ओट्यावर बसून खाई. त्याची चव तिनं कधी घेतली नव्हती. झालं की नाही, हे ती तेलाच्या आवाजावरून ओळखी.

मॅट्रिक होऊन मी अमरावतीच्या कॉलेजात निघालो. बाईंच्या पानातलं एकदा भावाच्या पानात वाढायचं, असं ताईनं ठरवलं. धम्म घेतल्यापासून आमच्या वस्तीनं ढोराचं मांस सोडलं होतं, म्हणून तिनं बोकडाच्या मांडीचं मटण आणवलं. वरवंट्यानं ठोकून तळहाताएवढं पातळ केलं, मीठमिरी लावली, पिठात घोळवलं, अंड्यात बुडवलं. बंगल्यावर वरून पावाचा चुरा लावत. आमच्या गावात पाव कुठला? तिनं वाळलेली भाकर कुटून ठेवली होती. कढईतून सहा तुकडे निघाले, लालसर, कडक.

"यावर दुधाचा पांढरा रस्सा ओततेत," ताई म्हणाली.

"दुधात मटन?" मायनं कपाळाला हात लावला. "पोरगं उद्या मोटारीत बसनार हाय. पोट बिघडन त्याचं!"

ताई ऐकते कसली! ती शेजारी दूध आणायला गेली. तेवढ्यात मला निरोप द्यायला वस्तीतली माणसं येऊ लागली. माणसं वाढली की रस्सा वाढवायचा, ही मायची रीत. चुलीवर हाडांचा रस्सा उकळतच होता. तिनं सहाही तुकडे त्यात सोडले.

"काय केलं वो माय हे!" ताई दारातूनच ओरडली.

"काहून? पंधरा मानसं येऊन राह्यले. सहा तुकडे कोनाले पुरतीन?"

शेजारचे काका भुरका मारत म्हणाले, "रस्सा लय दाट झाला वो. पिठलं टाकलं काय यात?"

सगळे हसले. ताईही हसली. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला नुसता रस्साच उरला.

कॉलेजच्या चार वर्षांत खानावळीत जेवताना मला तिची ती नुसत्या रश्श्याची वाटी आठवे. पुढे उमरखेडला मास्तर झालो, खोली घेतली, स्टोव्ह घेतला. ताई तेव्हा फुलसावंगीला नांदत होती. एका रविवारी मी एकट्यानंच ते मटण करून पाहिलं. एक तुकडा बरा निघाला, तो न खाता ताटात काढला. ताट झाकून ठेवलं आणि पत्र लिहायला बसलो.

"प्रिय ताईस, जयभीम. हे पत्र भाऊजींकडून वाचून घे. आज पिठातलं मटण केलं. पहिल्या दोन तुकड्यांचं पीठ सुटून तेलातच राहिलं. घोळवल्यावर किती वेळ ठेवायचं, ते कळव. नाही, कळवू नको, इथंच ये. शनिवारी शाळा अर्धी असते, दुपारच्या मोटारीनं ये, मी स्टँडवर उभा राहीन. भाऊजी येत असतील तर त्यांनाही आण. बाकी कुणाला बोलावलेलं नाही. तू पाटावर बसायचं आणि मी तळत जाईन. तू खाल्ल्याशिवाय मी बसणार नाही. तुझा भाऊ."