क्लचमधलं खोबरेल

ये गो बाय, जरा जवळ ये. पुण्यातल्या तुझ्या त्या फिरत्या खुर्चीत बसूनच ये, पण कान इकडे दे आणि हातातला मोबाईल पालथा घाल. दिवाळीत फोनवर मला काय म्हणालीस आठवतं? "मावशी, गुडघा दुखतो ना, मग विकून टाक ती गाडी. ऑटोमॅटिक घे." जशी काय मी कढई बदलायची म्हणत होते! मी हसून फोन ठेवला खरा, पण राग आला होता हो मला. इतकी शिकलेली पोर, आणि आधी विचारायचं तरी ना, की मावशी, तुला ती गाडी कशासाठी लागते? आता राग गेला. आता फक्त ऐक. तुझ्या आईने तुला अर्धंच सांगितलं असणार, कारण उरलेलं सांगायला लागली की तिला हसू आवरत नाही.

गाडी तुझ्या ओळखीची. गोल दिव्यांची, दुधी रंगाची, माझ्या सासऱ्यांनी घेतलेली. आमचे हे तिला धुतात, पुसतात, तिच्याशी गप्पा मारतात, पण चालवत नाहीत. घाटाचं पहिलं वळण आलं की ह्यांना गरगरतं. म्हणून चालवायला मी शिकले. शिकवायला कोणी नव्हतं, घरापुढच्या खळ्यातच पुढे-मागे करत शिकले. एक माड अजून वाकडा आहे, तो त्या शिकण्याचा.

आणि ही गाडी घेऊन मी जायचे कुठे, तर तुझ्या आईकडे, आंबोलीला. जाताना बांगडे आणि कोकमाची सोलं न्यायची, येताना तिच्या शेतातली नाचणी आणायची. ती आपल्या चहाच्या ठेल्यावर चहा उकळत असायची, मी बाकड्यावर बसून तिला खालच्या सगळ्या बातम्या द्यायचे. ती स्वतः कधी खाली येत नसे. एसटीत तिला मळमळतं, आणि माझ्या गाडीतून घाट उतरायचा म्हटलं की ती देवाचं नाव घ्यायला लागते. म्हणजे मी गेले तरच आम्ही बहिणी भेटणार. गाडी थांबली की भेट थांबली. आता कळलं, मी का रागावले ते?

तर गुडघा. डावा. त्या गाडीचा क्लच म्हणजे भरलेली घागर पायाने ढकलावी तसा. दिवाळीच्या आधीच्या खेपेला घाटात पुढे एक ट्रक लागला. तो रांगतोय, मी त्याच्या मागे रांगतेय, दर वळणाला क्लच दाब, सोड, दाब, सोड. वर पोचले तेव्हा मला गाडीतून उतरवायला तुझी आई आणि चहा पिणारे दोघे लागले. डॉक्टर म्हणाले, ह्या पायाने जोर लावायचा नाही. झालं. आमच्या ह्यांनी गाडीवर ताडपत्री घातली, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही.

मग मी कणकवलीच्या आमच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याला तू पाहिलंयस, तोच, जो हातापेक्षा तोंडाने जास्त गाड्या दुरुस्त करतो. ताडपत्री काढली, पेडल हाताने दाबून बघितलं आणि म्हणाला, "काकी, पाय कित्याक बदलतास? क्लच बदलूया."

"म्हणजे काय करतलस?"

"आता काय होता, तुम्ही पाय दाबलात की एक केबल ओढली जाता. ती पिचली, गंजली, म्हणान जड. ती मी काडून टाकतंय. तिच्या जागेर तेलाचो पाईप घालतंय. हायड्रॉलिक!"

तो शब्द त्याने असा उच्चारला की आमचे हे खुर्चीतून उठून उभेच राहिले.

मला काही कळलं नव्हतं, आणि मी कळल्याशिवाय सोडत नाही. तेव्हा तो गुरांच्या दवाखान्यातून दोन सिरिंज घेऊन आला. एक बारीक, एक जाड. मध्ये रबरी नळी, आत पाणी. बारीक माझ्या हातात दिली, जाड ह्यांच्या हातात. "काकी, तुम्ही दाबा. काकानूं, तुम्ही अडवा." मी एका बोटाने दाबलं, आणि ह्यांनी अंगठ्याने कितीही रेटलं तरी ह्यांची दांडी वर आलीच. लग्नापासून पहिल्यांदा मी इतक्या कमी जोरात जिंकले. "करून टाक," मी म्हटलं.

केलं त्याने, पण एकदा उलटं करून. जुनी केबल क्लचचा दांडा ओढायची, आणि पाईपाच्या टोकाचा नवा सिलिंडर, म्हणजे ती जाड सिरिंज, तो ढकलतो. ह्याने बोलण्याच्या नादात तो जुन्याच बाजूला बसवला. मी पेडल दाबते आणि खाली दांडा उलटाच रेटला जातो! मग सगळं खोलून, नवी पट्टी ठोकून, पलीकडच्या बाजूला बसवला. पेडलच्या वर, बॉनेटखाली, एक छोटी डबी आली, ब्रेक ऑईलची. तिथून पाईप खाली.

शेवटी पाईपमधली हवा काढायची होती. तो गाडीखाली, मी सीटवर. तो खालून ओरडतो, "दाबा!" मी म्हणते, "दाबलंय!" तो स्क्रू सैल करतो, बुडबुडे येतात, स्क्रू आवळतो. "सोडा!" "सोडलंय!" असं चाललेलं ऐकून आमच्या ह्यांना राहवेना. नारळ हातात घेऊन पुढे उभे राहिले आणि गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या म्हातारे गाडयेक नवो पाय बसवलो हा, तो माझ्या म्हातारेच्या पायाक मानवान घे रे म्हाराजा!" गाडीखालून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" शेजारची माणसं कुंपणाच्या गडग्यावरून "व्हय म्हाराजा!" मी आत बसून हसतेय, आणि पाय पेडलवर. आणि खरंच सांगते, पेडल असं खाली गेलं, जसं पिकल्या केळ्यावर बोट.

थंडीचे दिवस होते. मी दुसऱ्याच आठवड्यात आंबोलीला जायचं ठरवलं. पहाटे ह्यांनी माझ्या आधी उठून गाडी पुसली, बॉनेटही उघडलं, आणि मला म्हणाले, "जा. सगळा बघितलंय." घाट मी गाणं गुणगुणत चढले. गुडघ्याने एकदाही कुरकुर केली नाही. तुझ्या आईने मला एकटीला टुणकन उतरताना पाहिलं आणि हातातली गाळणीच खाली ठेवली. रात्री आम्ही बांगडे खाल्ले आणि तुझ्या लग्नाच्या विषयावर चर्चा केली, ती तुला सांगत नाही.

सकाळी धुकं इतकं, की ठेल्यावरून गाडी दिसेना. बसले, पेडल दाबलं, तर दगड! हलेचना. दोन्ही पायांनी दाबलं तरी हलेना. म्हटलं संपलं, आता ही गाडी जाते आणि ही वाटही जाते.

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "काकी, डब्येचा झाकण काडा. आत काय दिसता?"

मी काढलं. आत पांढरं. घट्ट. तुपासारखं. तुझी आई माझ्या खांद्यावरून वाकली, बोट बुडवलं, हुंगलं आणि म्हणाली, "अगो, ह्या खोबरेल! माझ्या डोक्याचा तेल हयसर थंडीत असाच गोठता."

मी ह्यांना फोन लावला. "अहो, डबीत काय घातलात?"

"परवा रात्री पाईपाचो एक जोड सैल होऊन सगळा तेल गळलेला. तू जावची थांबतलस म्हणान सांगूक नाय. जोड आवळलंय, तेल भरलंय, हवा पण काडलंय, शेजाऱ्याक पेडलार बसवन."

"पण भरलात कसला?"

"घरचा," हे अभिमानाने म्हणाले. "आपल्याच माडांचा, घाण्यावरचा. भेसळ नाय."

आमच्या घरात शिवणयंत्राला खोबरेल, बिजागरीला खोबरेल, कानाला खोबरेल. खाली आमच्या मसुऱ्यात ते फार तर पहाटे जरासं गढूळ होतं. गाडी चढताना इंजिनाच्या उबेने पातळच राहिलं. आंबोलीच्या रात्रीने त्याचा दगड केला.

मग तुझ्या आईने पदर खोचला. चहाचं आधण बाजूला, पाण्याचं आधण वर. फडकी गरम पाण्यात पिळून ती डबीला गुंडाळायची, आणि चहाला थांबलेला एक ट्रकवाला गाडीखाली सरकून पाईपाला आणि सिलिंडरला गुंडाळायचा. बाकीचे चहा पीत सल्ले देत होते. एक म्हणाला, "मावशी, वेलची घाला, वास बरा येईल." ठेल्यावर खोबरेलाचा असा घमघमाट, की कुणीतरी विचारलं, आज काय तळताय? हळूहळू पांढऱ्याचं पाणी झालं. मी पेडल दाबलं. गेलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पण वाटेत परत गोठला तर?" तुझी आई म्हणाली.

"तर तुझा गरम पाणी लागतला," मी म्हटलं.

तिने उकळत्या पाण्याने मोठा थर्मास भरला, फडकी पिशवीत घातली, ठेल्याची किल्ली शेजारणीकडे दिली आणि मागच्या सीटवर येऊन बसली. "सावकाश हाक हां. माझ्या मांडयेर कडकडीत पाणी आसा." घाटभर ती देवाचं नाव घेत होती, पण उतरली नाही. खाली ऊन लागलं, तेल कसलं गोठतंय! त्या पाण्याचा आम्ही घरी येऊन चहा केला.

मेकॅनिक आला, डबी हुंगली आणि ह्यांना हात जोडून म्हणाला, "काकानूं, सोलकढी घातलात नाय ह्या माझा नशीब." आतली रबरं त्या तेलाने बिघडतील म्हणून त्याने सगळी नवी घातली, जोड घट्ट केला, बरोबर ऑईल भरलं. आता त्याची बाटली पडवीतल्या फळीवर असते आणि खोबरेल स्वयंपाकघरात. मधल्या दरवाजावर मी लक्ष ठेवून असते.

आणि तुझी आई? ती अजून इथेच आहे गो. आठ दिवस म्हणून राहिली, आता वर जायचं नावच काढत नाही. म्हणते, "तुझ्या गाडयेन गेलंय तर जातंय, नायतर नाय." म्हणून म्हणते, ती परत ठेला उघडायच्या आत तू ये. कणकवलीला उतर, रिक्षावाल्यांना नाही म्हण. बाहेर मी गोल दिवे लावून उभी असेन, तुझी आई मागे बसलेली असेल, थर्मास मांडीवर घेऊन, कारण तिचा अजून भरवसा नाही. तू पुढे बस, क्लच एकदा आपल्या पायाने दाबून बघ, आणि मग सांग मला, विकू का. लवकर ये हां, बाय.