नाकवालीची सही

लोक तिला तोंडावर बाई म्हणायचे आणि पाठीमागे नाकवाली. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. कुणाच्याही घरी गेली की दारातच थांबायची, चपला काढायच्या आधी दोन श्वास घ्यायची आणि सांगून मोकळी व्हायची, "जुनं तळण आहे. एक्झॉस्ट फॅन वर्षभर धुतलेला नाही. आणि बाथरूमच्या खिडकीत उभं राहून कुणीतरी सिगरेट ओढतं." घरातला कर्ता पुरुष मग उगाचच छताकडे बघायला लागायचा.

वास घालवणं हा तिचा धंदा. घर बदलणारे, घर भाड्याने देणारे, स्वयंपाकघरात काहीतरी करपवून बसलेले, सगळे तिलाच बोलवायचे. सुगंधी फवारे मारणाऱ्यांचा तिला मनस्वी राग. "न धुतलेल्या तोंडाला पावडर," म्हणायची. वास हवेत नसतो, तो बसलेला असतो, हे तिचं पहिलं सांगणं. कपाटाच्या माथ्यावर, दाराच्या वरच्या कडेवर, बल्बवर, पडद्याच्या दांडीमागे तेलाचा चिकट थर असतो, आणि धूर त्यात घर करून राहतो. ती गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवायची आणि भिंती खालून वर पुसत जायची, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. गादीवर आणि सोफ्यावर खाण्याचा सोडा पसरून तो दिवसभर तसाच ठेवायची. उशा उन्हात. पडदे दोनदा, वेळ पडली तर चारदा धुवायची. आणि शेवटी खोलीच्या कोपऱ्यांत कोळशाच्या वाट्या ठेवून दार लावून घ्यायची.

ही विद्या ती एका हॉटेलच्या मोरीवर शिकली. वडील अचानक गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आईने अंथरूण धरलेलं, आणि धाकटा भाऊ नऊ वर्षांचा. तिने भांडी घासली, धुराड्यातली काजळी खरवडली, आणि त्या कमाईवर धाकट्याला शिकवलं. तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. कुणी विषय काढला तर म्हणायची, "मला मुलगा आहे की, आयता वाढलेला."

हा आयता मुलगा पुढे एका चारमजली इमारतीचा व्यवस्थापक झाला. मालक परगावी राहायचा. भाडेकरू आणणं, दुरुस्त्या बघणं, तक्रारी ऐकणं हे सगळं धाकट्याकडे. शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं गोड. बहिणीचं कौतुक तो चारचौघांत तोंड भरून करायचा. "आमच्या ताईने सांगितलं की झालं. मग त्यावर कुणी बोलत नाही."

एका सकाळी त्याचा फोन आला. "ताई, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात आग लागली. लहानशीच. भाडेकरू गेले, पण वास काही जात नाही. तू ये."

"आग कशाने लागली?"

"कशाने म्हणजे? कढई गॅसवर ठेवून विसरले. शिवाय त्यांच्यातला म्हातारा दिवसभर सिगरेट ओढायचा. सगळं घर नासवून गेले बघ."

ती गेली. दारात उभी राहून नेहमीसारखे दोन श्वास घेतले. स्वयंपाकघरात तळणाचा वास होता, पण चार माणसांच्या कुठल्याही घरात असतो तेवढाच. करपल्याचा मागमूस नव्हता. आतल्या खोलीत मात्र तिचं नाक एकदम आखडलं. कडवट, थोडासा माशासारखा, घशाच्या मागे जाऊन चिकटणारा वास. भिंतीवरच्या स्विचबोर्डापासून छतापर्यंत काळा पंखा उघडावा तसा डाग गेला होता.

"अरे, ही तर वायर जळलीये," ती म्हणाली.

धाकटा फोनमध्ये बघत होता. मान वर न करता म्हणाला, "धूर काय गं, फिरतो सगळीकडे. आग तिथे पोचली, मग बोर्डही जळला. तू पूस."

तिच्या मनात किंचित खटकलं. कढईची आग स्वयंपाकघर सोडून आतल्या खोलीत कशी गेली? पण सांगणारा कोण होता? ज्याला तिने हाताला धरून शाळेत नेलं तो. तिने बाही वर सारली आणि कामाला लागली.

पाच दिवस लागले. डागासाठी भिंत आठ वेळा पुसली, बादलीतलं पाणी शाईसारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने माणूस आणून नवा बोर्ड बसवला. पाचव्या दिवशी तिने दार उघडून हवा घेतली तेव्हा चुन्याशिवाय कशाचाही वास नव्हता. धाकटा हसत हसत आत आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक कागद पुढे केला.

"विम्याच्या लोकांना द्यायचाय. काम केलं, एवढंच लिहिलंय. इथे सही कर."

चष्मा पिशवीत होता आणि हात ओले होते. तिने पदराला हात पुसले आणि तो बोट ठेवील तिथे सही केली.

तीन आठवड्यांनी एक शिवणकाम करणारी बाई तिच्या दारात आली. चाळिशीची, हडकुळी, कानामागे खडू खोचलेला. हातात भलंमोठं गाठोडं होतं.

"शाळेचे गणवेश आहेत," ती म्हणाली. "अर्धे शिवून झालेत. पंधरा दिवसांत द्यायचेत, आणि धुराचा वास काही केल्या जात नाही. तुमचं नाव सगळ्यांनी सांगितलं."

नाकवालीने गाठ सोडली आणि तिचा हात तिथेच थांबला. कडवट, माशासारखा, घशाला चिकटणारा तोच वास. तिने एक सदरा उचलून नाकाला लावला, मग दुसरा, मग तिसरा. तेलाचा वास नव्हता, तंबाखूचा तर नावालाही नव्हता.

"हे कुठे ठेवले होते?"

"आतल्या खोलीत. बोर्डाखालीच माझं मशीन होतं. बोर्ड तडतडायचा, बाई. मी व्यवस्थापकाला तीनदा सांगितलं. उद्या माणूस पाठवतो म्हणाला, आणि त्याचा उद्या काही उगवला नाही. मग एका दुपारी पेटला. आम्ही बाहेर पळालो म्हणून वाचलो." तिने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला. "आणि आता सगळं आमच्यावर ढकललंय. कढई विसरलो म्हणे. घर बघायला जाते तिथे लोक म्हणतात, आग लावणारे तुम्हीच ना? माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात सिगरेट हातात धरली नाही. आणि कुणा सफाईवालीने खुशाल लिहून दिलंय की वास करपल्याचा आणि सिगरेटचाच होता. नक्कल मिळवली मी. बघा."

नाकवालीने चष्मा लावला. मजकूर वाचला. खाली स्वतःची सही बघितली. ओल्या हातामुळे शाई पसरली होती, परक्याला नाव वाचता आलं नसतं.

क्षणभर तिला वाटलं, गाठोडं परत बांधावं आणि जमत नाही म्हणून सांगावं. मग ती म्हणाली, "ही सफाईवाली मी. व्यवस्थापक माझा भाऊ."

शिवणवालीने कागद तिच्या हातातून ओढून घेतला. भराभर कपडे गाठोड्यात कोंबायला लागली.

"थांबा," नाकवाली म्हणाली. "मी वाचलं नव्हतं. पण हे काही सांगण्यासारखं कारण नाही, मला कळतंय. कपडे ठेवा. वास मी काढते. फक्त तीन सदरे असेच राहू देत, न धुता."

"कशाला?"

"भिंत मी पुसली. बोर्ड त्याने बदलला. आता हाच वास काय तो उरलाय."

शिवणवालीने गाठोडं खाली ठेवलं, पण बसली नाही.

तीन सदरे नाकवालीने घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले आणि सरळ धाकट्याच्या ऑफिसात गेली. तो चहा पीत होता.

"तो बोर्ड तडतडत होता. तुला माहीत होतं?"

त्याने कप खाली ठेवला. नाही म्हणाला असता तरी कदाचित तिने विश्वास ठेवला असता, इतकी ती त्या क्षणी एका 'नाही'ची भुकेली होती. पण तो म्हणाला, "ताई, मालकाने मला दारातून हाकललं असतं. बायकापोरं घेऊन कुठे जाऊ?"

"आणि ती कुठे जाईल?"

"तिचं मला काय सांगतेस? तू माझी बहीण की तिची?"

"सफाईला दुसरं कुणीही मिळालं असतं. मलाच का बोलावलंस?"

त्याने कप पुन्हा उचलला, आणि तेवढ्यातच तिला उत्तर मिळालं. त्याला तिचे हात नको होते, तिचं नाक हवं होतं. गावभर ज्याच्यावर कुणी बोलत नाही ते नाक. दुसऱ्या कुणाच्या सहीला कोण विचारणार होतं? शिवाय दुसऱ्या कुणी वायरचं नाव काढलं असतं तर गप्प बसलं नसतं. ती बसली, कारण तो तिचा होता. हे त्याने आधीच हिशेबात धरलं होतं.

"मी तुला भरवलंय रे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिलाच तो दुसऱ्या कुणाचा वाटला.

"म्हणूनच तर," धाकटा म्हणाला. "म्हणूनच तू काही करणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी ती विम्याच्या कार्यालयात गेली. तपासनीस तरुण होता आणि कंटाळलेला. तिने आपण सही केलेला मजकूर खोटा ठरवणारा नवा जबाब स्वतःच्या हाताने, चष्मा लावून लिहिला. तो म्हणाला, "भिंतीवरचा डाग कुठेय?"

"मी पुसला."

"मग मी मानू कशावरून?"

तिने डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. तपासनीसाने मान मागे घेतली, शेजारच्या टेबलावरचा माणूसही नाक दाबून उठला. "ही वायर आहे," तो शेजारचाच म्हणाला. "माझ्या घरी मागे जळली होती, तेव्हा हाच वास."

प्रकरण पुन्हा उघडलं. शेवटी निकाल लागला तो अर्धामुर्धा. आगीचं कारण निश्चित सांगता येत नाही, भाडेकरूचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. शिवणवालीला तेवढंही पुरलं. पलीकडच्या गल्लीत तिला घर मिळालं. गणवेश नवव्या दिवशी स्वच्छ झाले, न्यायला ती स्वतः आली, एकेक सदरा हुंगून बघितला, मान हलवली आणि गेली. नंतर रस्त्यात दिसली तर ओळख द्यायची. त्यापेक्षा जास्त काही नाही, आणि नाकवालीनेही जास्त मागितलं नाही.

मालकाने धाकट्याला काढलं नाहीच, नुसतं झापलं. पण धाकट्याने बहिणीशी बोलणं टाकलं. भावजय नातेवाइकांत सांगत फिरली, की परक्या बाईसाठी हिने सख्ख्या भावाच्या पोटावर पाय दिला. दोघी आत्यांना ते पटलं. भाचीने चोरून एकदा फोन केला, पुढे तोही बंद झाला. कामं मात्र कमी झाली नाहीत. उलट वाढली, आणि नाकवालीला त्याचा अजिबात आनंद झाला नाही. लोक कौतुक करायला लागले की ती बादली उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

आठ महिन्यांनी धाकट्याचा फोन आला. जणू काही झालंच नव्हतं, अशा सुरात म्हणाला, "ताई, आम्ही नवीन घर घेतलं. आधीच्या लोकांचा तळणाचा वास आहे सगळीकडे. तुझ्याशिवाय दुसऱ्यावर भरवसा नाही गं माझा."

तिने ऐकून घेतलं.

"दुसरं कुणी बघ," ती म्हणाली.

"घरच्यांना नाही म्हणतेस?"

तिने फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. बाहेर एका खानावळीचे सोळा पडदे भिजत पडले होते. ते संध्याकाळच्या आत दोरीवर जायला हवे होते.